किडीला हद्द नाही, मग उपायाला का?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जुन्या रस्त्यांवर उन्हाळा सुसह्य करणारे झाड म्हणजे पर्जन्यवृक्ष. मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतला हा वृक्ष इथे इतका रुजला, की त्याच्या सावलीविना अनेक वसाहतींची कल्पनाही करवत नाही. गेल्या दशकात मुंबई महानगरात हेच वृक्ष एकामागून एक वाळू लागले, तेव्हा त्यांच्या फांद्यांवर पिठ्या ढेकणाची पांढरी पुटे आढळली. त्यानंतर तरी महानगरातील प्रत्येक पालिकेने आपल्या झाडांवर वर्षभर नजर ठेवणारी व्यवस्था उभारायला हवी होती. झाडांच्या बाबतीत आजही आपण तक्रार आली की फांदी छाटतो, आणि झाड वाळले की बुंधा तोडतो. यापुढे हे चालणार नाही.

पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो. त्याने टाकलेल्या गोड, चिकट द्रवावर काळी बुरशी धरते, पाने अन्न तयार करू शकत नाहीत आणि झाड आतून खंगत जाते. त्या गोडव्यासाठी मुंग्या या किडीची राखण करतात. अंगावरच्या मेणचट आवरणामुळे फवारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते. त्यातून निघणारी नखाएवढीही नसलेली पिले वाऱ्यावर, कपड्यांवर, वाहनांवर आणि रोपांच्या कुंड्यांतून दूरवर जातात. ठाणे जिल्हा तर अशा प्रवासाचा चौक आहे. न्हावाशेवा बंदरातला माल भिवंडीच्या गोदामांत येतो, नाशिक महामार्गावरून भाजीपाला आणि फुले कल्याणच्या बाजार समितीत उतरतात, परप्रांतांतील रोपे घोडबंदर आणि शिळफाट्याच्या रस्त्याकडेच्या रोपवाटिकांत विकली जातात. मुरबाड-शहापूरची भेंडी आणि शहरातल्या सोसायटीची जास्वंद, दोन्हींवर ही कीड पोसते. शहराच्या झाडांची हेळसांड उद्या शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचते, ती अशी.

या संकटावर उपाय नाही असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण हा मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. तो २००८ मध्ये कोइमतूरला आढळला आणि पपईबरोबर तुती, टॅपिओका अशी पिके उद्ध्वस्त करत महाराष्ट्रातही पोहोचला. शेतकऱ्यांनी विषारी औषधांचा मारा केला, कीड हटली नाही. अखेर २०१० मध्ये बेंगळुरूच्या केंद्रीय संशोधन संस्थेने पोर्तो रिकोहून तिचे नैसर्गिक शत्रू असलेले परोपजीवी कीटक आणले. त्यातला ‘ॲसेरोफॅगस पपायी’ हा चिमुकला कीटक ढेकणाच्या शरीरात अंडी घालतो आणि पुढे स्वतःच पसरत जातो. प्रयोगशाळेत वाढवून तो शेतांत सोडल्यावर काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. आफ्रिकेत कसाव्यावरचा पिठ्या ढेकूण याच मार्गाने नमला; त्या कामासाठी हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. प्रत्येक किडीचा शत्रू वेगळा असतो, म्हणून आधी तिची अचूक ओळख पटवावी लागते. ओळख न पटवता सरसकट विष फवारले, तर हे मित्रकीटकच आधी मरतात.

पालिकांचे आजचे काम नेमके याच्या उलट चालते. कीड लागलेल्या फांद्या छाटून उघड्या ट्रकमधून नेल्या जातात, म्हणजे कीड सगळ्या शहरभर वाटली जाते. बुंध्याला काँक्रीटने आवळले, गटारांसाठी मुळे तोडली, की पाण्यावाचून अशक्त झालेले झाड किडीला सहज बळी पडते. दिल्लीत झाडांच्या बुंध्याभोवतीची एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिला होता. महाराष्ट्रात १९७५ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. वृक्षगणना हे वृक्ष प्राधिकरणांचे कर्तव्य आहे. पण झाडांची संख्या मोजणे पुरेसे नाही, त्यांचे आरोग्यही मोजायला हवे.

ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आणि दोन नगरपरिषदा आहेत. किडीला त्यांच्या हद्दी ठाऊक नाहीत. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली या सर्वांचे आणि कृषी विभागाचे एक संयुक्त कीड-दक्षता पथक हवे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांना त्यात स्थान हवे. कोरड्या हंगामात ही कीड झपाट्याने वाढते, म्हणून जानेवारी ते मे या काळात दर महिन्याला पाहणी व्हावी. पालिका रोपे विकत घेते तेव्हा कीडमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मागावे आणि खासगी रोपवाटिकांचीही तपासणी व्हावी. छाटलेल्या बाधित फांद्या झाकून न्याव्यात आणि त्यांची तातडीने विल्हेवाट लावावी. रस्ता नव्याने करताना झाडाच्या मुळांना जागा सोडणे कंत्राटाची अट असावी. नव्या लागवडीत एकाच जातीची रांग न लावता करंज, बकुळ, ताम्हण अशी निरनिराळी देशी झाडे लावली, तर एका किडीमुळे सगळा रस्ता उघडा पडणार नाही.

आक्रमक परकीय जातींमुळे जगाचे वर्षाला ४२३ अब्ज डॉलरहून अधिक नुकसान होते, असे जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने २०२३ मध्ये सांगितले. त्याच्या आदल्याच वर्षी कुनमिंग-माँट्रियल आराखड्यात, अशा जातींच्या शिरकावाचा वेग २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारतासह जगाने स्वीकारले. ते दिल्लीत बसून गाठता येणार नाही. ते गाठले जाईल प्रभागातल्या उद्यान निरीक्षकाच्या कामातून. त्याला प्रशिक्षण, मनुष्यबळ आणि निधी देण्याचे काम ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी येत्या अर्थसंकल्पातच करावे. पन्नास वर्षांची सावली एका मोसमात जाऊ शकते आणि ती परत मिळवायला पुन्हा पन्नास वर्षे लागतात. इतका उशीर या शहरांना परवडणारा नाही.