व्याख्या पाठ, पण मोजायचं कसं?

परवा दुपारी नात घोकत बसली होती, "संशोधन म्हणजे..." विषय गुन्हेगारीशास्त्र, पेपर सामाजिक संशोधन पद्धतींचा. पस्तीस वर्षं खडू हातात धरलेल्या बाईला घोकंपट्टीचा सूर लांबूनही ओळखू येतो! विचारलं, "अगं, देशात गुन्हे किती झाले हे कळतं कसं?"

"एनसीआरबीचे आकडे असतात ना आजी."

इथंच माझं भांडण आहे. ते आकडे गुन्ह्यांचे नव्हेत, नोंदींचे. ठाण्यातून जिला परत पाठवलं ती त्यात नाहीच. शिवाय एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी सर्वांत गंभीर तेवढंच मोजतात. बलात्कार करून खून केला तर तो खुनाच्या रकान्यात जातो. उलट पोलीस तक्रारी नीट लिहून घेऊ लागले की आकडा वाढतो, आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच 'कलियुग आलं'. (भाऊजी, रागावू नका, पण तुम्हीच!)

आता दुसरी रीत बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याच्या मारहाणीबद्दल विचारलं, ते एका घरात एकाच बाईला, आणि ती एकटी असेल तरच. १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या शंभरातल्या सुमारे २९ जणींनी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुठेही मदत मागणाऱ्या मात्र शंभरात चौदाच. बाकीच्या पोलिसांच्या वहीत कुठून येणार? सगळ्या वर्गासमोर 'कॉपी कोणी केली?' विचारलं तर हात वर होतो का कधी?

माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एक बाई म्हणतात, व्याख्येशिवाय मुलं पास कशी व्हायची? मान्य. पण व्याख्या मागाहून येऊ दे की! अमेरिकेत १९७३ पासून, इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून घरोघर जाऊन विचारतात, तुमच्यावर काय गुदरलं, पोलिसांत गेलात का. आपल्याकडे असं नियमित देशव्यापी सर्वेक्षण नाही. ते उद्या करायचं तर याच मुलांनी ना? ती तर वर्गाबाहेर पडलेलीच नाहीत.

नातीला म्हटलं, बिल्डिंगमधल्या दहा घरी जा, वर्षभरात काय चोरीला गेलं नि तक्रार कुणी केली विचार. म्हणाली, "मार्क किती त्याला?"

शून्य, अर्थात.

संध्याकाळी मात्र वही घेऊन गेली. पहिल्याच घरी कळलं, आजोबांची सायकल दिवाळीत जिन्याखालून गेली. ठाण्याची पायरी ते चढलेच नव्हते.