मानाची खाट

वडीलधाऱ्या माणसाला मान देण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. ती म्हणजे त्याला बसवून ठेवणे. आजोबा खोलीत आले की पोरे उठून खुर्ची रिकामी करतात. आजी स्वयंपाकघराकडे वळली की सून म्हणते, "आई, तुम्ही कशाला? मी करते ना!" भाजीची पिशवी वडिलांच्या हाती दिसली तर मुलाला चारचौघांत ओशाळल्यासारखे होते. आणि हेच म्हातारे माणूस चार दिवस आजारी पडले, की मग या मानाला सीमा राहत नाही. पाणी हातात, जेवण अंथरुणात, उशाशी घंटी. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा जाताना एकच मंत्र म्हणून जातो : "आता अगदी पडून राहा. उठायचे नाही!"

दिवाळीच्या अंकात काहीतरी गोड लिहावे असा संकेत आहे, आणि तो मोडण्याची माझी इच्छा नाही. पण फराळाच्या ताटातही एखादी कडू कारीट फुटल्याशिवाय आपली दिवाळी सुरू होत नाही. तेव्हा आज एक कारीट माझ्याकडून. वृद्धांच्या प्रकृतीसंबंधी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे संशोधन झाले, त्याचा एका वाक्यात सारांश काढायचा तर तो असा : म्हाताऱ्या माणसाचा खाटेसारखा गोड शत्रू दुसरा नाही.

या शास्त्राला 'जेरियाट्रिक्स' हे नाव 1909 साली मिळाले. ते देणारे डॉक्टर इग्नाट्झ नॅशर हे जन्माने व्हिएन्नाचे, पण न्यूयॉर्कला वाढलेले. त्यांच्या विद्यार्थिदशेतली एक हकीकत सांगतात. प्राध्यापकांबरोबर फिरताना एक म्हातारी आपली गाऱ्हाणी घेऊन पुढे आली. तिला काय झाले आहे असे विचारताच प्राध्यापक म्हणाले, म्हातारपण. मग उपाय काय? काही नाही. तेवढ्याने नॅशर यांचे समाधान झाले नाही. लहान मुलांचे जसे वेगळे वैद्यक असते तसे म्हाताऱ्यांचेही असले पाहिजे, असे म्हणून त्यांनी आपले आयुष्य त्यात घातले. "वय झाले, आता असे व्हायचेच" हे वाक्य आपल्याकडे आजही घरोघर ऐकू येते. ते उत्तर नव्हे, उत्तर शोधायचा कंटाळा आहे, हे या शास्त्राचे पहिले सूत्र.

दुसरे सूत्र लंडनमध्ये एका बाईने शिकवले. 1935 साली तिथल्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाच्या ताब्यात शेजारचे गरिबांचे जुने रुग्णालय आले. तिथे सातशेच्या वर माणसे पडलेली, बहुतेक म्हातारी. कोणी कित्येक महिने, कोणी कित्येक वर्षे. यांच्यात आता करण्यासारखे काही नाही, असे सर्वांनी धरून चाललेले. डॉक्टर मार्जोरी वॉरन यांच्याकडे हे काम आले तेव्हा त्यांनी कोणालाही न सुचलेली एक गोष्ट केली. एकेका रोग्याला नीट तपासले! कोणाला काय आजार आहे, कोणाला खरोखर खाटेची गरज आहे आणि कोण केवळ कोणी उठवले नाही म्हणून पडून आहे, याची त्यांनी प्रतवारी लावली. भिंतींना उजळ रंग दिले, आधाराला धरायचे दांडे बसवले, माणसांना उठवून बसवले, उभे केले, चालवले. पुष्कळजण चालू लागले, आणि पुष्कळजण चक्क घरी गेले. वृद्धांसाठी मोठ्या इस्पितळातच स्वतंत्र विभाग हवा, असा लेख त्यांनी 1943 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिला. आपल्या देशात मद्रासच्या सरकारी इस्पितळात असा विभाग 1978 साली सुरू झाला.

1947 च्या डिसेंबरात त्याच नियतकालिकात रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी अंथरुणाचे धोके एकेक करून मोजले. पडून राहिल्याने फुप्फुसात कफ साचतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला क्षते पडतात, हाडांतला चुना झिजतो, सांधे आखडतात, पोट साफ होत नाही, आणि सरतेशेवटी माणसाची उमेदच जाते. ज्या काळी बाळंतिणीपासून हृदयविकाराच्या रोग्यापर्यंत सर्वांना आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवीत, त्या काळी हे लिहायला धैर्य लागत होते.

पण शास्त्राला शब्द पुरत नाहीत, मोजमाप लागते. ते अमेरिकेतील डॅलस शहरी 1966 साली झाले. विशीतले पाच धडधाकट तरुण तीन आठवडे अंथरुणावर ठेवले आणि त्यांची दमश्वासाची ताकद आधी व नंतर मोजली. ती पार खालावली. गंमत पुढेच आहे. तीस वर्षांनी, 1996 साली, तेच पाचजण पन्नाशीचे होऊन पुन्हा तपासणीला आले. तेव्हा दिसले ते असे की, तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी ताकद नेली नव्हती, तेवढी तरुणपणच्या तीन आठवड्यांच्या खाटेने नेली होती! आणखी एक गोष्ट : सहा महिने हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने वयाने नेलेली ही ताकद भरूनही निघाली.

हे तरुणांचे झाले. साठी उलटलेल्यांचे काय? 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगल्या प्रकृतीच्या, सरासरी सदुसष्ट वर्षांच्या माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो मांस गेले. दहा दिवस! आपल्याकडे साधा ताप उतरल्यावर अशक्तपणासाठी सांगतात तेवढीच ही मुदत.

या आकड्यांना माझ्यापुरता एक चेहरा आहे. माझी एक आत्या वाईला असे. सत्तरी उलटली तरी रोज सकाळी घाट उतरून कृष्णेवर जायची आणि ढोल्या गणपतीला प्रदक्षिणा घालून, वाटेत चार घरी विचारपूस करून यायची. एका पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. औषधाने तो आठ दिवसांत हटला. पण सुना मोठ्या मायेच्या. त्यांनी तिला महिनाभर खाली पाय टेकू दिला नाही. न्हाणीघरात न्यायचे कष्ट नकोत म्हणून अंग खाटेवरच पुसत. मी भेटायला गेलो तेव्हा ती हसून म्हणाली, "अरे, मला कोणी उठूच देत नाही रे. राणीसारखी ठेवली आहे." पुढे उठायची परवानगी मिळाली तेव्हा पाय उठेनात. नदी तर राहोच, ती स्वयंपाकघराचा उंबराही पुन्हा आपल्या पायांनी ओलांडू शकली नाही. गावात सुनांचे कौतुक झाले, आणि ते खोटे नव्हते. सेवा त्यांनी मनापासून केली. फक्त सेवा कशाला म्हणायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

कोणी सांगेल, वय झाल्यावर गेलेली ताकद परत थोडीच येते? येते, आणि कोणत्या वयात ते ऐका. 1990 साली बोस्टनच्या एका वृद्धनिवासात डॉक्टर मारिया फियातारोने यांनी दहा अशक्त वृद्ध निवडले. त्यांचे सरासरी वय नव्वद! आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी वजने उचलण्याचा व्यायाम करून घेतला. वजनेही लुटुपुटीची नव्हेत, ज्याच्या त्याच्या मानाने चांगली जड. ज्या नऊजणांनी तो पुरा केला त्यांची पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीचपटीच्याही वर गेली. दोघांनी तर हातातली काठी ठेवून दिली.

चार वर्षांनी याच बाईंनी शंभर वृद्धांवर मोठा प्रयोग केला. काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायामवाल्यांची ताकद वाढली, चालही वाढली. नुसते पौष्टिक पेय घेणाऱ्यांच्या दुबळेपणात मात्र काही फरक पडला नाही. डिंकाच्या लाडवांवर ज्यांची सारी भिस्त आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. लाडू अवश्य द्यावा. पण तो घ्यायला आजोबांना फडताळापर्यंत चालत जाऊ द्यावे.

इस्पितळातसुद्धा हे साधते. स्पेनमधल्या पांपलोना येथे, आजारी पडून भरती झालेल्या पंचाहत्तरीपुढच्या 370 माणसांवर झालेला प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार मिळालेले वृद्ध आले होते त्याहून परावलंबी होऊन घरी गेले. ज्यांच्याकडून रोज बेताचा व्यायाम करून घेतला ते तसे झाले नाहीत. मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धालादेखील दुसऱ्याच दिवशी आधार देऊन उभे करावे, ही आजची मान्य रीत आहे.

"पण पडले तर?" हा खरा प्रश्न, आणि तो खोटी भीती म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेतल्या डॉक्टर मेरी टिनेटी यांनी 1988 साली दाखवले की, आपापल्या घरी राहणाऱ्या पंचाहत्तरीपुढच्या माणसांपैकी जवळजवळ एक तृतीयांश वर्षातून एकदा तरी पडतात. पण त्यावर खाट हा उपाय नव्हे. हालचाल थांबली की पाय दुबळे होतात, आणि दुबळे पाय अधिक पडतात. पुढे 1994 साली टिनेटींनीच दुसरी वाट दाखवली. घरातल्या अडचणी दूर करणे, औषधे तपासून नको ती कमी करणे, तोल सांभाळायला आणि पाय बळकट करायला शिकवणे, अशी सगळ्या बाजूंनी ज्यांची काळजी घेतली त्यांच्यापैकी वर्षभरात 35 टक्के पडले. इतरांपैकी 47 टक्के.

यात फार मोठा खर्च नाही. न्हाणीघरात एक दांडा, रात्री वाटेवर एक दिवा, कोरडी फरशी, घसरणारे पायपुसणे उचललेले, मागून बंद असलेली चप्पल आणि जवळ ठेवलेला चष्मा. झोपेची गोळी चालू असेल तर ती खरोखर हवी आहे का, एवढे डॉक्टरांना विचारावे. दिवसातून काही वेळा खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठून पाहावे. प्रथम कोणीतरी जवळ उभे राहून. ताप भरलेला असताना, दम लागत असताना, छातीत दुखत असताना विश्रांती हवीच. हृदयाचा किंवा हाडाचा आजार असेल तर किती चालायचे ते डॉक्टरांनीच सांगावे. पण "विश्रांती घ्या" असे त्यांनी म्हटले, की "किती दिवस?" हा प्रश्न विचारल्याशिवाय तिथून हलू नये.

आता शेवटची अडचण, आणि ती वैद्यकातली नाही, चाळीतली आहे. सासूबाई विळीवर भाजी चिरताना शेजारणीला दिसल्या की दुपारपर्यंत सगळीकडे होते, "सुनेने म्हातारीला कामाला जुंपली!" आणि ओणवून फरशी पुसण्यात जिचा जन्म गेला त्या बाईला म्हातारपणी तरी बसायला मिळावे, असे वाटण्यात चूक काय? काहीच नाही. कष्ट वेगळे आणि हालचाल वेगळी. कष्ट दुसऱ्याच्या सोयीने करावे लागतात. हालचाल आपल्या मर्जीने करता येते. जन्मभराचे कष्ट अवश्य काढून घ्यावेत. त्यांच्याबरोबर पायही काढून घेऊ नयेत, इतकेच माझे म्हणणे. शिवाय त्यांना हात धरून फिरवून आणायचे काम एकट्या सुनेचे नव्हे. मुलगा, नातू, जावई यांनाही हात देवाने दिले आहेत.

हा प्रश्न दोन-चार घरांपुरता नाही. 2011 च्या शिरगणतीत आपल्या देशात साठीपुढची माणसे दहा कोटींच्या वर होती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 साली पंचेचाळीशीपुढच्या बहात्तर हजारांहून अधिक माणसांची देशभर पाहणी केली, ती याच काळजीपोटी. सरकार पाहणी करील, योजना आखील. पण आजीचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर नेणारी योजना कोणत्याच सरकारला काढता येणार नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत एवढे करा. आजीला चकल्या कशा करायच्या ते नुसते विचारू नका, सोऱ्या तिच्या हाती द्या. आजोबांना आकाशकंदील दाखवायला आत बोलावू नका. तो टांगताना दोरी धरायला त्यांना अंगणात उभे करा. पणत्या त्यांच्याच हातून ओळीने लावून घ्या, वेळ लागला तर लागू द्या. आणि नमस्काराला वाकाल तेव्हा ते बसलेले नसून उभे असतील, असे पाहा. त्यांनी दिलेला आशीर्वाद मग तुमच्याइतकाच त्यांनाही लागेल.