प्रमाणपत्र येईपर्यंत मुलाने थांबायचे?

'तारे जमीन पर' २००७ साली आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द तालुक्याच्या शाळांमधल्या स्टाफरूमपर्यंत पोचला. चांगलेच झाले. पण त्या सिनेमापासून आम्हा शिक्षकांच्या डोक्यात एकच चित्र पक्के बसले आहे : शिकण्यात अडचण असलेला मुलगा म्हणजे ज्याला वाचता येत नाही, पण चित्र झकास काढता येते.

याच्या अगदी उलटा मुलगाही वर्गात असतो. तो धडाधड वाचतो. मोठ्या माणसासारखा बोलतो. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, एका दमात सांगतो. डिंभे घोड नदीवर आणि वडज मीना नदीवर, हेही सांगतो. आता त्याच्यापुढे कोरा नकाशा ठेवा. पेन्सिल हवेतच राहते. आंबेगाव तालुका जुन्नरच्या वर की खाली, त्याला दिसतच नाही. बेरजेत हातचा भलत्याच रकान्यात जातो. कंपासने वर्तुळ पुरे होत नाही, पायजम्याची नाडी नीट बांधली जात नाही. एसटी स्टँडवरची प्रत्येक पाटी वाचेल, पण स्टँडमधून बाहेर पडल्यावर घर कोणत्या बाजूला हे रोज नव्याने शोधेल. मित्र चेष्टा करतायत की खरे बोलतायत, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

अशा मुलाला आपण काय म्हणतो? "हुशार आहे, पण आळशी आहे." पालकसभेत हे वाक्य इतक्या सहज फेकले जाते की आईबाप ते खरे मानून घरी जातात आणि घरी पोराला मार बसतो. तोंडपाठ करणाऱ्याला आपल्याकडे भारी मान. मकतबमध्ये सुरा बिनचूक म्हणणारा मुलगा भूमितीत नापास झाला, की तो मुद्दाम करतो असेच सगळे धरून चालतात.

या अडचणीला अशाब्दिक अध्ययन अक्षमता म्हणतात. नाव फसवे आहे. 'नॉनव्हर्बल' ऐकले की लोकांना न बोलणारे मूल आठवते, आणि इथे तर मूल बोलायचे थांबत नाही. शब्दांवाचून जे कळायला हवे, म्हणजे जागा, दिशा, आकार, हावभाव, ते त्याला अवघड जाते. जॉन्सन आणि मायकलबस्ट या अमेरिकी अभ्यासकांनी १९६७ मध्येच अशा मुलांविषयी लिहिले. तरी अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची निदानपुस्तिका, जिच्या आधारे आपले डॉक्टरही बोलतात, तिच्यात हे नाव आजही नाही. त्याच पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीने अॅस्पर्जर हे वेगळे निदान काढून ऑटिझमच्या छत्राखाली घातले. पूर्वी यातली काही मुले अॅस्पर्जरच्या नावाखाली निदान तरी मिळवत होती.

ऑटिझमशी सरमिसळ आहेच. चेहरा न वाचता येणे, विनोद शब्दशः घेणे, नव्या जागी गोंधळणे हे दोन्हींकडे दिसते, आणि काही मुलांमध्ये दोन्ही असते. पण ऑटिझममध्ये त्याच त्या कृती, ठरावीक विषयातच गुंतून राहणे, आवाज किंवा स्पर्श असह्य होणे असेही असते. शिवाय ऑटिझम असलेली कितीतरी मुले ठोकळ्यांची कोडी आपल्यापेक्षा लवकर सोडवतात. इथे नेमके ठोकळ्यांपाशीच अडते.

आता कायदा पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने २१ दिव्यांगता मान्य केल्या, त्यांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. पण अध्ययन अक्षमतेची व्याख्याच सुरू होते ती बोललेली वा लिहिलेली भाषा समजून घेण्यातल्या उणिवेपासून. ज्याची भाषाच उत्तम, तो दारातच अडला. गंमत अशी, की त्याच व्याख्येच्या शेवटी आकलनातल्या अक्षमता आणि डिस्प्रॅक्सियाही घातले आहेत. म्हणजे लिहिणाऱ्यांना हे मूल माहीत होते, तरी दार भाषेचेच ठेवले.

मग कोणी सल्ला देतो : ऑटिझमचे प्रमाणपत्र काढा, काम होईल. ऑटिझमच्या भारतीय मोजपट्टीत ४० मुद्दे आहेत आणि ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम नाही. हे मूल बोलते, उत्तर देते, अनेकदा ७० च्या आतच राहते. दुसरीकडे, अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी आठव्या वर्षाआधी नाही असे ठरवले होते, आणि पुढे १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी ठेवली होती. जुन्नर किंवा घोडेगावच्या बापाने मजुरी बुडवून पुण्याच्या किती खेपा घालायच्या? आणि मुलात नसलेले नाव केवळ शिक्का मिळावा म्हणून त्याच्या कपाळी लावायचे, हे मला पटत नाही. ज्याला खरोखर ऑटिझम आहे त्याने ते नाव जरूर घ्यावे, त्यात लाज कसली?

उर्दू माध्यमात हे सगळे दुप्पट होते, आणि याकडे कोणाचेच लक्ष नाही. बे, पे, ते, से या अक्षरांत फरक फक्त नुक्त्यांचा : किती, आणि वर की खाली. मजकूर उजवीकडून डावीकडे, आकडे डावीकडून उजवीकडे. शाब्दिक उदाहरणात एकाच ओळीत नजर दोनदा वळते. पुढच्या तासाला मराठी, म्हणजे पुन्हा दिशा बदलली. जागेचे भान कच्चे असलेल्या मुलाला हा रोजचा चकवा आहे, आणि आम्ही लाल शाईने 'निष्काळजीपणा' लिहून मोकळे होतो.

प्रमाणपत्राशिवाय काही करता येत नाही, ही शाळांची सबब मला मान्य नाही. परीक्षेतल्या सवलतीला कागद लागतो, शिकवायला लागत नाही. याच कायद्याचे कलम १६ शाळांना सांगते की अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि योग्य अध्यापनाचे उपाय करा. या मुलाचे बळ शब्दांत आहे, तर वाट शब्दांतून काढावी. नकाशा दाखवून थांबू नये, बोलून द्यावा : "जुन्नरवर बोट ठेव, खाली ये, घोड नदी लागेल, तिच्यावर डिंभे." गणिताला चौकटीची वही द्यावी, एका घरात एक आकडा. ओळीच्या सुरुवातीला बाण काढून द्यावा. फळ्यावरची आकृती उतरवायला लावण्याऐवजी छापील द्यावी. "तो चिडलाय, कारण तू त्याचे ऐकून घेतले नाहीस," हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे, डोळे वटारून नव्हे.

यातल्या कशालाही निधी लागत नाही. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत विचारावे : आमच्या मुलाला 'आळशी' म्हणण्याआधी तुम्ही यातले काय काय करून पाहिले? आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.