पाचवीतलं वय, दहावीतला धडा

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव सुरू झाला की कांद्याचा भाव मिनिटाभरात बांधावरच्या मोबाइलवर पोचतो. पाळीची माहिती मात्र इथल्या मुलीपर्यंत बहुधा पाळी आल्यावरच पोचते, आणि तीही ‘लोणच्याला हात लावू नको’ एवढीच.

मुलींच्या शरीरात बदल सुरू होतात साधारण 8 ते 13 या वयात, मुलांच्या 9 ते 14. मासिक पाळीचं चक्र नीट समजावणारा धडा आपल्याकडे आहे दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात. तोही बऱ्याच वर्गांत ‘घरी वाचून या’वर उरकतो.

मुलग्यांची तर कोणी विचारपूसच करत नाही. आवाज फुटला की घरचेच नकला करणार. रात्री झोपेत वीर्यस्खलन झालं की चड्डी लपवून धुवायची. स्तनाग्रामागे गाठ लागली की पोरगा उघड्या अंगानं विहिरीत उडी मारायचं सोडतो. ही गाठ बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरते. मुलींची पाळीही सुरुवातीची वर्ष-दोन वर्षं मागेपुढे होते. उगाच राग येणं, रडू फुटणं, कुणीतरी आवडू लागणं हेही त्याच वयाचं. एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? कुणी सांगत नाही म्हणून भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिराती आणि मोबाइल हेच या पोरांचे मास्तर.

लैंगिक विषयांवर उघड बोलायला र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं 1927 साली. त्यांना कोर्टात खेचलं गेलं. बरोबर 80 वर्षांनी, 2007 मध्ये, विधानसभेत गदारोळ झाला आणि शाळांतलं लैंगिक शिक्षण सरकारनं थांबवलं. संस्कृती किती वाचली कोण जाणे! जुलै 2025 मध्ये शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, तर पाळी कुणाला आली ते पाहायला मुलींचे कपडे उतरवले गेले. तपासणारी मोठी माणसंच होती.

2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी आहे. राज्यात अनेक सरकारी रुग्णालयांत त्यासाठी ‘मैत्री क्लिनिक’ चालतं. लासलगाव परिसरातल्या शाळांनी तिथल्या समुपदेशकाला जूनमध्येच पाचवी-सहावीच्या वर्गात बोलवावं, मुलग्यांना बाहेर न पिटाळता. पालकसभा रविवारी ठेवावी. त्या दिवशी लिलाव नसतो, तेव्हा वडिलांनाही यायला हरकत नसावी.