शेवट कळला म्हणून काय बिघडलं?

"ए, शेवट सांगू नकोस हां!" सोमवारी सकाळी कोपरच्या प्लॅटफॉर्मवर हे वाक्य ऐकू आलं नाही असा आठवडा जात नाही. शनिवार-रविवारी अर्ध्या ग्रुपची सस्पेन्स सीरिज बघून झालेली असते, अर्ध्यांची राहिलेली असते. चुकून कुणाच्या तोंडून खुन्याचं नाव निघालंच, तर खुनी राहतो बाजूला, सगळे त्या बिचाऱ्याच्याच मागे लागतात!

माझं म्हणणं थोडं उद्धट आहे. शेवट कळल्यावर जिच्यात काहीच उरत नाही, त्या रहस्यकथेत मुळात काही नव्हतंच.

आठवून बघा. आवडत्या रहस्यकथेतल्या खुन्याचं नाव आज आठवतंय? बहुतेक नाहीच. आठवतो तो श्वास अडकवणारा प्रसंग.

हिचकॉकने १९६२ साली त्रूफोला मुलाखत देताना याचं कारण सांगून ठेवलंय. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. बॉम्ब तिथे आहे हे त्याला आधीच माहीत असलं, तर पात्रांच्या साध्या गप्पासुद्धा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. डेमो चालू आहे. सर्व्हरची डिस्क ९८ टक्के भरलीय हे फक्त तुम्हाला दिसतंय. आणि मॅनेजर क्लायंटला म्हणतोय, "आता एक मोठी फाईल अपलोड करून दाखवतो." यात रहस्य काहीच नाही, पण तुमच्या हाताला घाम फुटलाच ना?

'तुंबाड' बघा. नारायण धारपांच्या 'आजी' या कथेवरून प्रेरणा घेतलेला हा सिनेमा. आजी जागी झाली तर हस्तरचं नाव घ्यायचं, हे पोराला आणि आपल्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. मग ती जागी होते. प्रश्न एवढाच, की नाव वेळेवर तोंडातून फुटेल का? २०१८ मध्ये आलेला हा सिनेमा सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. तोवर शेवट कुणापासून लपला होता?

किंवा राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (१९६४), ज्यावरून हिंदीत 'मेरा साया' (१९६६) निघाला. बायको डोळ्यांदेखत गेलेली, आणि कोर्टात आरोपी म्हणून उभी असलेली हुबेहूब तशीच बाई वकिलाला म्हणते, मीच तुमची बायको! मेली ती जुळी बहीण होती, आरोपी हीच खरी बायको. घ्या, फोडलं रहस्य! आता सिनेमा बघा. बायको नवऱ्याला खासगीतल्या खुणा सांगतेय आणि तो तिला खोटी ठरवतोय, हे सगळं माहीत असताना बघणं जास्त छळतं.

मान्य, पहिल्या वेळचा धक्का हा वाचकाचा हक्क आहे. मुद्दाम शेवट फोडणाऱ्याची बाजू मी घेत नाहीये. माझं भांडण आहे ते आठ भाग माहिती दडवून शेवटच्या दहा मिनिटांत ट्विस्ट आपटणाऱ्यांशी. माहिती लपवणं सोपं असतं. ती वाचकाच्या हातात देऊन त्याला तरीही खुर्चीला खिळवणं, ही खरी कारागिरी.

आणि याची किंमत आपण आधीच मोजलीय. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. झुंजार मरणार नाही हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असायचं, तरी लायब्ररीत नवीन पुस्तकासाठी नंबर लागायचे. त्यातली आज दुकानात किती मिळतात? मोजकी. कारण आपण ठरवून टाकलं, की रहस्यकथा एकदा वाचायची, खुनी कळला की रद्दीत! कवितेला कुणी विचारतं का, शेवटची ओळ कळली, आता परत कशाला वाचतोस?

गाडी डोंबिवलीहून भरून येणार हे आपल्या कोपरकरांना रोज माहीत असतं. म्हणून दारात पाय ठेवताना धडधडायचं थांबतं का?

असो. या वीकेंडला एखादी जुनी, शेवट पाठ असलेली रहस्यकथा काढा. पुन्हा धडधडलं, तर ते पुस्तक रद्दीत टाकू नका.