भग्न गावाचे जतन

फ्रान्समधील लिमोज शहराजवळ ग्लान नावाच्या लहानशा नदीकाठी ओरादूर हे गाव आहे. एके काळी सुटीच्या दिवशी शहरातील लोक ट्रामने तेथे येत आणि नदीवर गळ टाकून बसत. शाळा, चर्च, छोटी दुकाने आणि भोवतालची शेती, एवढाच त्या गावाचा संसार होता.

१० जून १९४४ रोजी जर्मनीच्या वाफेन-एसएस दलाच्या एका तुकडीने गावाला वेढा घातला. पुरुषांना कोठारांत नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. स्त्रिया व मुले यांना चर्चमध्ये कोंडून ठार मारण्यात आले. नंतर गाव पेटवून देण्यात आले. एकूण ६४३ जण प्राणांस मुकले.

युद्धानंतर फ्रान्सने नवे ओरादूर शेजारी वसवले आणि जळके गाव होते तसेच राखले. छप्पर नसलेल्या भिंती, गंजलेली मोटार, घराघरांतील शिवणयंत्रांचे सांगाडे आजही तेथे दिसतात.

मात्र ऊन-पावसाने या भिंती ढासळत आहेत आणि त्या सावरण्यास मोठा खर्च येतो. पडक्या घरांवर पैसा का घालवावा, जुनी जखम का उघडी ठेवावी, असा प्रश्न कोणी विचारील. तो गैर नाही. पण त्याचे उत्तर ओरादूरच्याच इतिहासात आहे.

१९५३ साली या हत्याकांडाचा खटला चालला. आरोपींत अल्सास प्रांतातून जर्मनीने सक्तीने भरती केलेले तेरा जण होते. राष्ट्रीय ऐक्यासाठी फ्रान्सच्या संसदेने त्यांना माफी दिली. दुखावलेल्या गावाने कित्येक वर्षे सरकारशी अबोला धरला. वरून लादलेल्या विस्मरणाने जखम भरली नाही. ती अधिकच चिघळली.

याउलट, कोठारातील गोळीबारातून बचावलेले रोबेर एब्रास यांनी पुढे आपली कहाणी लोकांना सांगितली आणि फ्रान्स-जर्मनी सलोख्यासाठी कार्य केले. २०१३ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष योआखिम गाउक ओरादूरला आले, तेव्हा त्या भग्न गावातून एब्रास त्यांच्यासोबत चालले. स्मरण म्हणजे सूड नव्हे, हे त्या भेटीने दाखवून दिले. घडलेले मान्य केल्यावरच पुढे केलेल्या हाताला अर्थ येतो.

२०२३ मध्ये एब्रास यांचे निधन झाले. त्या हत्याकांडातून वाचलेला अखेरचा साक्षीदार गेला. आता साक्ष द्यायला केवळ भिंती उरल्या आहेत. त्या नव्याने बांधू नयेत, सजवू नयेत. पण पडूही देऊ नयेत. माणसांच्या पश्चात सत्य सांगण्याचे काम त्यांनाच करावयाचे आहे.