चार आण्याचा रेडिओ, बारा आण्याचा अँटेना



मागच्या अंकात आम्ही अमेरिकेतल्या हॅम रेडिओच्या परवान्याविषयी लिहिले होते. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात उजळणी. पहिल्या पायरीच्या, म्हणजे टेक्निशियन परीक्षेत ३५ प्रश्न असतात आणि २६ बरोबर आले की उत्तीर्ण. परवान्याची सरकारी फी ३५ डॉलर. मोर्स कोडची अट २००७ सालापासून कोणत्याच पायरीला उरलेली नाही. नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डाची अट नाही. परदेशी सरकारचा प्रतिनिधी मात्र चालत नाही. आपल्या मंडळात तसे कोणी असल्याचे ऐकिवात नाही.

परवाना हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणता रेडिओ घेऊ?" आमचे उत्तरही ठरलेले आहे. रेडिओ साधा घ्या. पैसे आणि डोके अँटेनावर आणि केबलवर खर्च करा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे आपण नावे ठेवताना म्हणतो. या छंदात मात्र शहाणपण म्हणतात ते यालाच. रसायनशास्त्रातल्या डॉक्टरेटवाल्यांनी अँटेनावर का लिहावे, अशी शंका कोणाला आली असेल तर थोडा धीर धरावा. पुढे रसायनशास्त्रही येणार आहे.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. त्यानंतरची वीसेक वर्षे ज्यांनी महाराष्ट्रात काढली त्यांना अँटेनाचे निम्मे शास्त्र आधीच येते. एकाने गच्चीवर चढून दांडा फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" गच्चीवरच्या त्या ॲल्युमिनियमच्या काड्यांना यागी अँटेना म्हणतात. त्यापासून टीव्हीपर्यंत येणारी चपटी दुहेरी वायर म्हणजे फीडलाइन. टीव्ही तोच असायचा, पण दांडा हातभर फिरला की बातम्या देणाऱ्या बाईंच्या जागी मुंग्या दिसायच्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अँटेनाने जे पकडलेच नाही ते महागड्या रेडिओलाही निर्माण करता येत नाही.

आता अँटेनाची लांबी. सर्वांत साधा अँटेना म्हणजे डायपोल, मध्ये तोडलेली अर्ध्या तरंगलांबीची वायर. सूत्र तोंडपाठ करण्याइतके सोपे आहे. ४६८ ला मेगाहर्ट्झने भागा, लांबी फुटांत मिळते. १४.२ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ३३ फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसोळा-साडेसोळा फूट वायर. भारतातल्या हॅमशी बोलण्यासाठी हा पट्टा लोकप्रिय आहे. मात्र तिथे बोलायला टेक्निशियनच्या वरची, जनरलची पायरी लागते. "मग पुण्याच्या आजींशी बोलता येईल का?" असेही विचारले जाते. आजींनी परवाना काढला तर जरूर. दोन्ही टोकांना परवानाधारक हवा.

टेक्निशियनची सुरुवात बहुधा दोन मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे १४६ मेगाहर्ट्झच्या आसपास होते. इथला अँटेना शनिवारच्या दुपारी घरी करता येतो. एक पॅनेलवर बसवायचा सॉकेट घ्यायचा. त्याच्या मध्यावर ४९ सेंटिमीटरची उभी तार सोल्डर करायची आणि चार कोपऱ्यांना साधारण ५१ सेंटिमीटरच्या चार तारा स्क्रूने बसवायच्या. चारही तारा खाली ४५ अंशांत वाकवल्या की अँटेनाचा अवरोध ५० ओहमच्या जवळ येतो. हॅमचे रेडिओ आणि केबल ५० ओहमचेच असतात. तारा कापताना शिंप्यासारखे थोडे राखून कापावे. लांब तार छाटता येते, आखूड तार वाढवता येत नाही.

आणि अँटेना उंच लावा. या पट्ट्यावरच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. जमिनीपासून दीड मीटरवर, म्हणजे हातात धरलेल्या रेडिओला, सपाट प्रदेशात सुमारे ५ किलोमीटरवर क्षितिज लागते. तोच अँटेना ९ मीटरवर, म्हणजे दुमजली घराच्या छतावर नेला तर १२ किलोमीटरवर. वॉट एकही वाढवावा लागत नाही.

छतावर अँटेना गेला की मधली केबल आली, आणि नवीन मंडळी फसतात ती इथे. बारीक काळी आरजी-५८ केबल स्वस्त मिळते आणि वळवायला सोपी असते. पण १४६ मेगाहर्ट्झवर तिच्या १०० फुटांत साधारण ६ डेसिबेल घट होते. म्हणजे रेडिओने ५० वॉट सोडले तर अँटेनाला पोचतात साडेबारा. बाकीचे केबलला कोमट करण्यात जातात. त्याच केबलवर ४४० मेगाहर्ट्झ वापरले तर जेमतेम ५ वॉट पोचतात. याउलट जाड एलएमआर-४०० केबलच्या १०० फुटांत १४६ मेगाहर्ट्झवर दीड डेसिबेल घट, म्हणजे ५० पैकी ३५ वॉट वर पोचतात. ऐकतानाही तीच कथा. दूरच्या क्षीण आवाजातले तीन चतुर्थांश पातळ केबल वाटेतच खाते.

म्हणून सगळीकडे जाड केबल घ्या, असे मात्र नाही. १४ मेगाहर्ट्झवर हीच आरजी-५८ १०० फुटांत दीड-दोन डेसिबेलच खाते. कानाला तो फरक फारसा जाणवत नाही. नियम असा: फ्रिक्वेन्सी जितकी जास्त आणि अंतर जितके लांब, तितकी केबल जाड. आणि जमेल तितकी आखूड. उरलेली केबल गुंडाळून ठेवू नका, कापा.

आता एसडब्ल्यूआर या मीटरविषयी. जाड दोराला बारीक दोरी बांधून झटका दिला तर गाठीपाशी झटक्याचा काही भाग उलट फिरतो. तसाच केबल आणि अँटेना यांचा अवरोध जुळला नाही तर काही शक्ती परत येते. एसडब्ल्यूआर १ म्हणजे काहीच परत आले नाही. २ म्हणजे सुमारे ११ टक्के परत आले. १.५ म्हणजे ४ टक्के. १.५ दिसत असताना १.१ साठी तीनदा छतावर चढण्यात अर्थ नाही.

पण आम्हाला खरी काळजी वाटते ती मीटर फार चांगला दिसतो तेव्हा. हिशेब बघा. ६ डेसिबेल खाणाऱ्या केबलच्या वरच्या टोकाला अँटेना नाहीच, टोक उघडे आहे. गेलेली सगळी शक्ती तिथून परत फिरते. जाताना ६ डेसिबेल गेले, येताना आणखी ६ गेले. खाली मीटरला इतके थोडे परत आलेले दिसते की तो एसडब्ल्यूआर १.७ दाखवतो. १० डेसिबेल खाणाऱ्या केबलवर तर १.२! वर अँटेना नाही, आणि खाली मीटर म्हणतो सर्व क्षेम आहे. केबल जितकी वाईट, तितका मीटर खूश.

प्रयोगशाळेत आम्ही नमुना न घालता नुसत्या अभिकारकांवर चाचणी करतो, तिला ब्लँक म्हणतात. केबलचीही ब्लँक करावी. वरच्या टोकाचा अँटेना काढा, टोक उघडे ठेवा आणि खालून अँटेना ॲनलायझर किंवा लहानसा नॅनो व्हीएनए लावून पाहा. या कामाला रेडिओने प्रसारण करू नका. ही उपकरणे अगदी नगण्य शक्तीवर मोजतात. एसडब्ल्यूआर खूप मोठा आला तर केबल ठीक आहे. दीड-दोन आला तर ती केबल शक्ती गिळते आहे. बदला.

चांगली केबल वाईट होते ती बहुधा पाण्याने, आणि इथे आमचे रसायनशास्त्र आले. कनेक्टरमधून शिरलेले पाणी वातीत तेल चढावे तसे तांब्याच्या जाळीतून आत चढते. जाळी काळी-हिरवी पडते आणि घट वाढते. ती केबल वाळवून पूर्ववत होत नाही. हे टाळायला बरेच लोक सांध्यावर सिलिकॉन थापतात. दुकानातले पुष्कळसे स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरचा वास येतो. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरात सर्वांना माहीत असते. आंबट पदार्थ, तांबे आणि हवा एकत्र आले की हिरवे जंगाल ठरलेले. तेच आपण कनेक्टरवर आपल्या हाताने घडवून आणतो. म्हणून ते सिलिकॉन वापरू नये. स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, वरून विजेची चांगली काळी टेप. शेवटचा थर खालून वर न्यावा म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी निथळून जाते. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी भोकातून आत न येता झोळावरून ठिबकते.

एवढे बाकीचे विसरलात तरी पुढचे विसरू नका. या छंदात माणसे दगावली आहेत ती अँटेना उभारताना विजेच्या तारेला लागून. अँटेना पडला तरी त्याचा कोणताही भाग विजेच्या तारेच्या १० फुटांच्या आत येणार नाही, अशी जागा हवी. घराला येणारी तारही यात धरायची. विजेच्या खांबाला अँटेना बांधायचा नाही. ॲल्युमिनियमची शिडी तारेजवळ न्यायची नाही. एकट्याने चढायचे नाही. मागच्या अंगणात जागा नसेल तर अँटेना लहान करा, नियम लहान करू नका.

आकाशातल्या विजेसाठी नुसती केबल काढून ठेवणे पुरत नाही. केबल घरात शिरण्यापूर्वी बाहेरच तिला लाइटनिंग अरेस्टर लावावा. त्यासाठी ८ फुटी अर्थिंगचा गज ठोकावा आणि तो घराच्या मूळ अर्थिंगला किमान ६ नंबरच्या तांब्याच्या तारेने जोडावा. तार आखूड आणि सरळ न्यावी. हे जोडकाम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलेले बरे. आणि प्रसारण चालू असताना मुलांचा हात पोचेल अशा जागी अँटेना नको.

ज्यांच्या सोसायटीत, म्हणजे एचओए असलेल्या वस्तीत बाहेर काही लावता येत नाही त्यांनीही निराश होऊ नये. फेडरल कमिशनचा १९८५ सालचा नियम गावाच्या किंवा शहराच्या निर्बंधांना लागू होतो, घर घेताना आपण सही केलेल्या खासगी कराराला नाही. डिश अँटेनाला १९९६ साली मिळालेली सूट हॅमच्या प्रसारणाच्या अँटेनाला लागू नाही. तेव्हा वाद घालण्यापेक्षा माळा वापरावा. लाकडी छताखाली वर सांगितलेला पाच तारांचा अँटेना चांगला चालतो. पत्र्याचे छत किंवा चकचकीत फॉइलचे इन्सुलेशन असेल तर नाही. अपार्टमेंटमध्ये मोटारीचा चुंबकी अँटेना लोखंडी पत्र्यावर ठेवून खिडकीशी लावावा. पत्रा चारही बाजूंना १९ इंच असेल तर उत्तम, म्हणजे पोळ्यांचा तवा थोडा कमीच पडतो. स्टेनलेसचे ताट घेऊ नये. बऱ्याच ताटांना चुंबक चिकटतच नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी? डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम पोर्ट ब्लेअरला हौसेने गेले होते, अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलायला. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, बेटांचा संपर्क तुटला, आणि त्याच रेडिओवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. त्यांचे अँटेना आणि केबल संकटाआधीच उभे होते आणि रोज वापरात होते, म्हणून ते जमले. आपल्याकडेही वादळात किंवा बर्फात मोबाइल बंद पडतो. त्या रात्री कोणी छतावर चढून केबल बदलू शकत नाही. ते काम उन्हाच्या दिवशी, दोघांनी मिळून करायचे असते.

म्हणून मंडळातर्फे एक सोय करीत आहोत. कोजागिरीच्या कार्यक्रमाला दूध आटेपर्यंत बराच वेळ असतो. त्या वेळात आम्ही हॉलमागच्या मोकळ्या जागेत मोजण्याचे उपकरण घेऊन बसू. आपापली केबल दोन्ही कनेक्टरांसह घेऊन या, ब्लँक करून देऊ. मुलांना आणा, पाच तारांचा अँटेना त्यांच्याकडूनच करून घेऊ. तारा आणि सॉकेट आम्ही आणतो, सोल्डरचे आणखी एखादे पेन कोणी आणले तर बरे होईल.

पुढच्या अंकात रिपीटरविषयी. तोवर लोभ आहेच, तो वाढावा.